सरकीपासून निळ्या कापडापर्यंत : लोहारा औद्योगिक क्षेत्राची वाटचाल

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाला १ ऑगस्ट २०२२ रोजी ६० वर्षे पूर्ण झाली. अशा निमित्ताने एखाद्या औद्योगिक क्षेत्राचा इतिहास लिहायचा म्हणजे किती एकर जमीन संपादित झाली, किती भूखंड वाटले, किती शेड उभ्या राहिल्या, याची यादी देण्याचा प्रघात आहे. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या लोहारा औद्योगिक क्षेत्राला हे माप पुरेसे पडत नाही. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा आहे. इथे पिकलेला कापूस आपल्या मुलखात किती टप्पे पार करून मग बाहेर जातो, हीच इथल्या उद्योगाची खरी कसोटी. वेचणीनंतर जिनमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये रुईची गाठ बांधली जाते, गिरणीत सूत निघते, मागावर कापड विणले जाते आणि शेवटी कपडा शिवला जातो. या प्रत्येक टप्प्यावर मालाची किंमत वाढते आणि कुणाच्या तरी हाताला काम मिळते. शंभरावर वर्षे आपला जिल्हा गाठ बांधण्यापर्यंत येऊन थांबला होता. लोहाऱ्याचे महत्त्व हे की इथल्या एका मोठ्या इमारतीत रुई आत जाते आणि रंगवलेले, विणलेले, बाजारात उभे राहू शकेल असे कापड बाहेर येते. पुढचा सगळा मजकूर याच एका मुद्द्याभोवती फिरतो.

पूर्वपीठिका : १९६० पूर्वी

१८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. मुंबईच्या बाजारात वऱ्हाड-खानदेशचा आखूड धाग्याचा कापूस ‘उमरा’ म्हणून विकला जाई. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोहोचली आणि रुळांच्या कडेने गिरण्या उभ्या राहू लागल्या. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अकोला इथेही धुराडी दिसू लागली. या नावांच्या यादीत यवतमाळ नाही. १९०५ पर्यंत ज्याला वणी जिल्हा म्हणत त्या आपल्या जिल्ह्यात कापूस भरपूर होता, आणि वणीजवळ राजूरला कोळसाही होता. नव्हता तो मुख्य रेल्वेमार्ग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीची अरुंद रुळांची गाडी मूर्तिजापूरहून यवतमाळला आली, तिला लोक शकुंतला म्हणू लागले. सुमारे ११३ किलोमीटरच्या या मार्गाचे मुख्य काम गाठी मुख्य मार्गापर्यंत नेऊन देणे हेच होते. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस भागातल्या जिन आणि प्रेस या गाडीच्या जोरावर भरभराटीला आल्या, हे मान्यच करायला हवे. त्यांनी हजारो माणसांना हंगामी रोजगार दिला, सरकीवर तेलाच्या घाण्या चालल्या, ढेपेवर गुरे पोसली गेली. पण हंगाम संपला की जिनचे दरवाजे बंद होत आणि मजूर पुन्हा शेताच्या वाटेला लागत. बारमाही पाळ्या लावणारा मोठा कारखाना त्या व्यवस्थेतून आपोआप उगवणार नव्हता.

इथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. रेल्वे मिळाली नाही म्हणून गिरणी झाली नाही, हे कारण सोपे पडते. स्थानिक भांडवलदारांनी मनावर घेतले असते तर गिरणी झाली असती, असे म्हणणारे आहेत. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण गिरणीला वर्षभर लागणारा कोळसा, यंत्रांचे सुटे भाग, रसायने आणि तयार मालाची ने-आण हे सगळे अरुंद रुळांवरून करायचे तर मूर्तिजापूरला माल उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च प्रत्येक टनावर पडत होता. जिल्ह्यातल्या कापसाला आणि कोळशाला दोन वेगवेगळ्या वाटांनी बाहेर नेले गेले. जिल्ह्याच्या आत त्यांची गाठ कधी पडलीच नाही. हा दोष एखाद्या शेठजीच्या उमेदीचा म्हणण्यापेक्षा वाहतुकीच्या रचनेचा अधिक होता.

१९६० चे दशक

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. विदर्भ या राज्यात आला तो १९५३च्या नागपूर करारातल्या आश्वासनांच्या आधारावर, आणि त्या आश्वासनांत विकासाच्या न्याय्य वाट्याचा शब्द होता. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१चा. त्याखाली १९६२ मध्ये महामंडळ आले. जमीन संपादन करायची, रस्ते, पाणी आणि वीज आधी आणायची, मग उद्योजकाला तयार भूखंड द्यायचा, ही त्याची कामाची पद्धत. ठाण्याची वागळे इस्टेट, अंबरनाथ, पिंपरी-चिंचवड ही सुरुवातीची ठिकाणे पाहिली की पहिल्या काही वर्षांत मुंबई-पुणे पट्ट्याचा वरचष्मा होता हे दिसते. १९६४ मध्ये राज्याने मुंबई-पुण्याबाहेर उद्योग नेणाऱ्यांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. या काळात मुख्यमंत्रिपदी होते आपल्याच जिल्ह्यातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. शेतीकडे त्यांचे लक्ष होते हे सर्वज्ञात आहे. उद्योग मागास भागात गेले पाहिजेत ही भूमिकाही त्यांच्याच काळात धोरणाच्या कागदावर उतरली. जिल्ह्यातल्या औद्योगिक क्षेत्रांचे मूळ महामंडळ आणि प्रोत्साहन योजना या दोन निर्णयांत आहे. ज्या महसूल कर्मचाऱ्यांनी मोजणी केली, ज्या अभियंत्यांनी उघड्या माळावर रस्ते आखले आणि ज्या शेतकऱ्यांनी आपली जमीन दिली, त्या सर्वांचा या उभारणीत वाटा आहे. जमीन देणाऱ्यांचा उल्लेख स्मरणिकांत सहसा राहून जातो, म्हणून तो इथे मुद्दाम केला.

१९७० चे दशक

१९७२-७३च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा, मधल्या व्यापाऱ्याने त्याला लुटू नये, हा तिचा हेतू. संकलन केंद्रावर बंड्यांच्या रांगा, ग्रेडरची तपासणी आणि चुकाऱ्यांची वाट पाहणे हे सारे जिल्ह्याच्या स्मृतीत कायमचे बसले. भावाच्या बाजूने या योजनेचे मोल मोठे होते. प्रक्रियेच्या बाजूने मात्र तिने चित्र बदलले नाही. जिन-प्रेस योजनेसाठी राबल्या, गाठी बांधल्या गेल्या आणि त्या राज्यभरच्या व राज्याबाहेरच्या गिरण्यांना विकल्या गेल्या. १९७८ मध्ये जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाल्याने छोट्या उद्योजकाला कर्ज, परवाने आणि भूखंड यांसाठी एका दारात विचारपूस करता येऊ लागली. त्या दशकात याहून अधिक काही हाताला लागले नाही.

१९८० चे दशक

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि मुंबईचा कापडउद्योग त्यानंतर पूर्ववत झाला नाही. गिरण्यांच्या मालकांना आणि नव्या गुंतवणूकदारांना नवी जागा शोधणे भाग पडले. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला आणि ‘अनुशेष’ हा शब्द विदर्भात घरोघरी पोहोचला. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण एकीने उद्योग मुंबईबाहेर जाऊ शकतो हे दाखवले आणि दुसरीने तो कुठे गेला पाहिजे हे आकड्यांनिशी मांडले. औद्योगिक क्षेत्रात या काळात छोट्या कारखानदारांनी वीज आणि पाण्याच्या तुटवड्यात, कमी भांडवलावर जिद्दीने उद्योग टिकवले. अशा वसाहतीत भूखंड, दर आणि सोयींवरून मतभेद होणे स्वाभाविक असते. त्यांचा हिशेब मांडण्याची ही जागा नव्हे.

१९९० चे दशक

२४ जुलै १९९१च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांवरचे परवाना-बंधन उठले. राज्याच्या मुख्यमंत्रिपदी तेव्हा पुसदचेच सुधाकरराव नाईक होते. कारखाना कुठे काढायचा हे आता दिल्लीच्या परवान्यापेक्षा जमीन, वीज, सवलती आणि कच्चा माल यांवर ठरू लागले. याच वातावरणात, १९९६ मध्ये, रेमंडची डेनिमची गिरणी लोहाऱ्याला सुरू झाली. १९२५ मध्ये ठाण्याला लोकरी कापडाची गिरणी म्हणून सुरू झालेल्या, आणि १९४४ पासून सिंघानिया कुटुंबाच्या हाती असलेल्या या कंपनीने जळगाव आणि छिंदवाडा इथे आधीच कारखाने काढले होते. लोकरीकडून सुताकडे वळताना तिने कापसाच्या मुलखाची निवड केली.

डेनिमच का, हे समजून घेतले की लोहाऱ्याची निवड योगायोगाची वाटत नाही. डेनिमला जाड सूत लागते. तलम मलमलीसाठी लागणारा लांब, रेशमासारखा धागा इथे आवश्यक नसतो. मध्यम लांबीचा, मजबूत धागा चालतो. वऱ्हाडच्या मातीला असा धागा परका नाही. गिरणीत गाठी फोडून रुई मोकळी केली जाते, तिच्यातला पाला-कचरा काढला जातो, पिंजून तिची पेळू बनते आणि मग सूत कातले जाते. त्यापुढचा टप्पा डेनिमचा खास. उभ्या धाग्यांचे शेकडो पदर एकत्र करून दोर वळले जातात आणि ते निळीच्या कुंडांतून पुन्हा पुन्हा बुडवून बाहेर काढले जातात. कुंडातून बाहेर येताना धागा पिवळट हिरवा असतो. हवेतला प्राणवायू लागला की तो डोळ्यांदेखत निळा होतो. एका बुडीत गडद रंग येत नाही, म्हणून बुड्या अनेक घ्याव्या लागतात आणि प्रत्येक बुडीनंतर धाग्याला हवा द्यावी लागते. नीळ वरवर बसते, धाग्याचा गाभा पांढराच राहतो. जीन्स धुता धुता फिकी पडते ती यामुळे. मग दोर उलगडून धागे पुन्हा रोळावर गुंडाळायचे, त्यांना खळ द्यायची आणि मागावर चढवायचे. आडवा धागा न रंगवता पांढरा ठेवतात, म्हणून कापडाची उलटी बाजू फिकी दिसते. शेवटी कापड आक्रसून घेतले जाते, म्हणजे शिवल्यावर ते आणखी आटत नाही. यातले प्रत्येक खाते चोवीस तास, पाळ्यांमध्ये चालते. हंगाम संपला म्हणून इथले दरवाजे बंद होत नाहीत, आणि जिनच्या तुलनेत हाच मोठा फरक आहे.

सवलती मिळाल्या म्हणून कारखाना आला, हा दुसरा आक्षेप. मागास भागासाठीच्या सवलतींचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. त्या दिल्या गेल्या त्याच हेतूने. प्रश्न असा की सवलतीच्या ओढीने आलेला उद्योग रुजतो की मुदत संपताच कुलूप लावतो. विदर्भात दुसऱ्या प्रकारची उदाहरणे लोकांनी पाहिली आहेत. लोहाऱ्याची गिरणी दोन दशकांहून अधिक काळ चालली, वाढली आणि आंतरराष्ट्रीय भागीदारीपर्यंत गेली. कच्च्या मालाच्या जवळ असणे हा लाभ कोणत्याही सवलतीच्या आदेशाने दिला नव्हता आणि कोणत्याही आदेशाने तो काढून घेता येत नाही.

२००० चे दशक

कापडगिरण्यांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्र सरकारने १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आणली आणि १ जानेवारी २००५ रोजी जागतिक कापडव्यापारातली कोटा पद्धत संपली. २००६ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या युको कंपनीशी रेमंडची भागीदारी झाली आणि लोहाऱ्याच्या गिरणीच्या पाटीवर दोन्ही नावे आली. गेंट हे युरोपातले जुने कापडाचे शहर. तिथल्या अनुभवी कंपनीला यवतमाळच्या गिरणीत भागीदार व्हावेसे वाटले, यात इथल्या कामगारांच्या आणि तंत्रज्ञांच्या कौशल्याची पावती आहे. यांतले अनेक जण आजूबाजूच्या गावांतून आले. पऱ्हाटी उपटणाऱ्या हातांनी माग चालवायला शिकणे ही या क्षेत्राच्या इतिहासातली सर्वांत मोठी कमाई आहे.

पण त्याच वर्षी, २००६ मध्ये, जिल्ह्याचे नाव देशभर घेतले जात होते ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. जून अखेरीस आणि जुलैच्या आरंभी तत्कालीन पंतप्रधान विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. इथे तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो : दारात अत्याधुनिक गिरणी असताना कापूस पिकवणाऱ्याला तिचा उपयोग काय झाला? प्रामाणिक उत्तर असे की कापसाचा भाव गिरणीमुळे वाढला नाही आणि वाढणारही नव्हता. भाव ठरतो जागतिक बाजारात आणि हमीभावाच्या निर्णयांत. एक गिरणी, कितीही मोठी असली तरी, तो हलवू शकत नाही. या लेखाचा दावाही तो नाही. दावा इतकाच की शेतकऱ्याच्या घरातल्या एखाद्या मुलाला बारमाही पगार मिळाला, तर पावसाने दगा दिलेल्या वर्षी त्या घराला आधार उरतो. शेतीबाहेरचे असे काम इथे वाढले, याचा पुरावा जनगणनेच्या व्याख्येत सापडतो. लोहाऱ्याची नोंद सेन्सस टाउन म्हणून झाली. हा दर्जा मिळण्यासाठी किमान ५,००० लोकसंख्या आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची दाटी लागते. शिवाय काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात असावे लागतात. हा बदल एकट्या गिरणीने घडवला असे म्हणता येणार नाही. यवतमाळ शहराचा फैलावही त्यामागे आहे. तरीही कारखान्यांच्या पाळ्या, मालाचे ट्रक, चहाच्या टपऱ्या, भाड्याच्या खोल्या आणि दुरुस्तीची दुकाने यांच्याशिवाय हे गाव इतक्या लवकर शेतीबाहेर पडले नसते.

२०१० चे दशक

राज्याने २०११-१७ साठी वस्त्रोद्योग धोरण जाहीर केले आणि कापूस पिकतो तिथेच त्याचे सूत-कापड व्हावे हे सूत्र त्यात स्पष्ट आले. लोहाऱ्याने जे पंधरा वर्षे आधी करून दाखवले होते ते आता राज्याचे धोरण झाले, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. शेजारी अमरावतीजवळ नांदगाव पेठेला वस्त्रोद्योगाचे नवे केंद्र उभे राहू लागले. जगात मात्र डेनिमच्या जुन्या गिरण्या मिटत होत्या. अमेरिकेत ग्रीन्सबरो इथली व्हाइट ओक ही शंभरहून अधिक वर्षांची प्रसिद्ध गिरणी २०१७च्या अखेरीस बंद झाली. त्या पार्श्वभूमीवर लोहाऱ्याचे माग चालू राहिले, ही बाब लहान नाही.

याच दशकात पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. निळोणा आणि चापडोह हे यवतमाळचे प्रकल्प कमी पडले आणि २०१८च्या उन्हाळ्यात शहराने तीव्र टंचाई सोसली. रंगकामाला पाणी लागते, तेव्हा तहानलेल्या शहराजवळ असा उद्योग असावा का, हा प्रश्न विचारणे रास्त आहे. पण पाणी हे उद्योग नाकारण्याचे कारण मानले तर कापूस-पट्ट्याने कायम गाठी विकतच राहावे, असा अर्थ निघतो. रंगाच्या कुंडातले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे, कमी पाण्यात रंग देणे, शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते उद्योगाला देणे, हे मार्ग जगभर वापरात आहेत. महामंडळाने पुढच्या काळात रस्त्यांच्या डांबरीकरणाआधी या कामाला प्राधान्य द्यावे, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे.

२०२० पासून आजपर्यंत

मार्च २०२०च्या टाळेबंदीने देशातल्या सगळ्याच गिरण्यांप्रमाणे इथेही माग थांबले. ते पुन्हा सुरू करणे कामगार, तंत्रज्ञ आणि व्यवस्थापन यांच्या एकत्रित प्रयत्नांनीच शक्य झाले. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब या टप्प्यावर रुंद रुळांची गाडी सुरू झाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा हा पहिला टप्पा. अरुंद रुळांची शकुंतला तोपर्यंत थांबली होती. तिच्या काळात जी उणीव राहिली ती या मार्गाने भरून निघेल, आणि मूर्तिजापूरला माल उतरवून पुन्हा चढवण्याची सक्ती उरणार नाही. २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. त्यामुळे लोहारा एकटा राहणार नाही, हे चांगलेच. पण मोठ्या पार्कच्या ओढीने जुनी औद्योगिक क्षेत्रे दुर्लक्षित होऊ नयेत, इकडेही लक्ष हवे.

आज लोहाऱ्याच्या क्षेत्रात डेनिमच्या गिरणीबरोबर लहान-मध्यम उद्योगही आहेत. आता उरलेला टप्पा शिवणाचा. हिशेब साधा आहे. एक क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते. १७० किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू शेतीत चांगल्या वर्षी एका एकरात साधारण एवढाच कापूस येतो. त्या एका गाठीतून दीडशेहून अधिक जीन्स तयार होऊ शकतात. पण भारतात तयार होणाऱ्या डेनिमचा मोठा भाग बंगळूरु-दिल्लीच्या किंवा बांगलादेशातल्या कारखान्यांत शिवला जातो. शिवणकामाला गिरणीइतके पाणी लागत नाही, इतके भांडवलही लागत नाही. लागतात ती शिकलेली माणसे, आणि त्यांत बायांचा वाटा मोठा असू शकतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिवणाचे कारागीर तयार करणे, बचत गटांना छोटे भूखंड आणि बांधून तयार गाळे देणे आणि इथल्याच गिरणीचे कापड त्यांच्यापर्यंत पोहोचवणे, ही तीन कामे महामंडळ, जिल्हा उद्योग केंद्र आणि उद्योजक यांनी मिळून हाती घेतली, तर दारव्हा रस्त्यावरून निघणाऱ्या ट्रकमध्ये कापडाच्या ताग्यांबरोबर शिवून तयार झालेल्या मालाची खोकीही भरता येतील.